गावाजवळ विमानतळ झाला, आता कोणता धंदा टाकू? चिपीचं गणित समजून घ्या



नवीन विमानतळाची बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, विमानतळ आमच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. टॅक्सी घेऊ, लॉज टाकू, की हॉटेल?" विचारणाऱ्याचा उत्साह खरा असतो. बऱ्याचदा बँकेत फाईलसुद्धा गेलेली असते. म्हणून आज एकच विमानतळ घेऊया, सिंधुदुर्गचा चिपी, आणि त्याचं गणित नीट मांडूया. व्हिडिओमध्ये आकडे भराभर निघून जातात. इथे वही-पेन घेऊन बसा.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. विमानतळ यायला मात्र बराच काळ गेला. वेंगुर्ला तालुक्यात परुळ्याजवळ, चिपीच्या सड्यावर हा विमानतळ उभा राहिला. प्रकल्प एमआयडीसीचा, बांधणारी आणि चालवणारी कंपनी आयआरबी. धावपट्टी २५०० मीटरची, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोईंग ७३७ सारखी मोठी विमानंही उतरू शकतील अशी. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं आणि अलायन्स एअरचं मुंबई-सिंधुदुर्ग विमान सुरू झालं. तिकीट अडीच हजारांच्या आसपास. रात्रभर गाडीत अवघडून बसणाऱ्या चाकरमान्याला याचं काय वाटलं असेल ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आता मुद्द्याचा भाग बघा. ते तिकीट इतकं स्वस्त कसं होतं?

उडान योजना म्हणजे नेमकं काय

केंद्र सरकारने २०१६ मध्ये ही योजना आणली. नाव 'उडे देश का आम नागरिक', म्हणून उडान. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला सिमला ते दिल्ली उडालं. कल्पना सोपी आहे. छोट्या शहराच्या मार्गावर विमान कंपनीला सुरुवातीला तोटा होणार, म्हणून कंपनी तिकडे फिरकत नाही. सरकार म्हणतं, तू जा, साधारण निम्म्या सीट ठरलेल्या दराने वीक, त्यात जी तूट येईल ती आम्ही भरतो. हा दर सुरुवातीला तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २५०० रुपये होता. तुटीतला ८० टक्के वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा. शिवाय विमान उतरवण्याचं आणि उभं करण्याचं शुल्क माफ, आणि इंधनावरचा राज्याचा कर नावापुरता. केंद्राच्या वाट्याचा पैसा येतो कुठून? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर एक छोटा अधिभार लावून. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा माणूस चिपीच्या प्रवाशाला हातभार लावत होता.

पण ही मदत तीन वर्षांची असते. त्या तीन वर्षांत त्या मार्गावर कंपनीला मक्तेदारीही मिळते. चौथ्या वर्षी मदत बंद. मग कंपनीने ठरवायचं, स्वतःच्या हिमतीवर हा मार्ग परवडतो की नाही.

चिपीला ऑक्टोबर २०२४ मध्ये ही मुदत संपली आणि अलायन्स एअरने मुंबईचं विमान बंद केलं.

इथे जरा थांबा आणि स्वतःचं कर्ज आठवा. गाडीचं कर्ज पाच वर्षांचं असतं, लॉजचं सात ते दहा वर्षांचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळाच्या भरवशावर कोणी पाच वर्षांच्या हप्त्यांवर टॅक्सी घेतली असेल, तर मुंबईचं विमान बंद झालं त्या दिवशी त्याचे दोन वर्षांचे हप्ते शिल्लक होते. विमान कंपनीने आपलं विमान दुसऱ्या मार्गावर नेलं. हप्ते मात्र गाडीवाल्याच्याच मागे राहिले. योजना काय आहे, तिची मुदत किती, हे कागद सगळे उघडे असतात. आपण ते वाचत नाही, आपण फीत कापल्याचे फोटो बघतो.

मुंबईचं विमान टिकवणं इतकं कठीण का

गिऱ्हाईक नव्हतं म्हणून विमान बंद पडलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. गणपतीत आणि मे महिन्यात त्या मार्गाला मागणी असते हे कुणीही सांगेल. अडचण दुसऱ्या टोकालाही आहे. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. उतरण्या-उडण्याच्या वेळा, ज्याला स्लॉट म्हणतात, त्या मोजक्या. चिपीला येणारं एटीआर विमान ७० सीटचं. तोच स्लॉट १८० सीटचं मोठं विमान वापरू शकतं. दादर स्टेशनबाहेर तुमच्याकडे एकच गाळा असेल, तर तिथे वडापाव विकाल की महिन्यातून चार वेळा विकली जाणारी वस्तू ठेवाल? कंपनीही तोच हिशोब करते.

म्हणून नवी मुंबई विमानतळाकडे लक्ष ठेवा. २०२५ मध्ये तो सुरू झाला आहे. तिथे जागा वाढेल तशा छोट्या शहरांच्या फेऱ्यांनाही वेळा मिळू शकतात. मिळतील की नाही हे विमान कंपन्या ठरवतील, आपण नाही. त्या आशेवर आज कर्ज काढू नका.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. चिपीच्या दक्षिणेला, गोव्यात पेडणे तालुक्यात मोपा इथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटू लागली. धावपट्टी ३५०० मीटर, चोवीस तास वाहतूक, देशभरातल्या शहरांना जोडणी. बांदा, सावंतवाडी, आरोंदा, रेडी या पट्ट्यातल्या माणसाला मोपा चिपीपेक्षा जवळ पडतो. म्हणजे जिल्ह्याचा विमानतळ चिपी असला तरी अर्ध्या जिल्ह्याचं विमान मोप्यावरून सुटतं. रेडीला किंवा शिरोड्याला होमस्टे टाकणाऱ्याने 'आमचा विमानतळ' म्हणून चिपीचा विचार करत बसण्यात अर्थ नाही. त्याचं गिऱ्हाईक बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीहून मोप्याला उतरतं, आणि त्याला वाटतं आपण गोव्याला आलोय. त्याला पुलापलीकडे आणायचं कसं, हा तुमचा खरा धंद्याचा प्रश्न.

एक गोष्ट चिपीच्या बाजूनेही सांगतो. गोव्याची फ्लाय ९१ ही कंपनी २०२४ मध्ये सुरू झाली. नावातला ९१ म्हणजे आपला देशाचा फोन कोड. मोठ्या शहरांच्या शर्यतीत न पडता छोट्या गावांना जोडायचं, हाच तिचा धंदा. तिने सिंधुदुर्गला बंगळुरू आणि पुण्यासारख्या शहरांशी जोडलं. माझ्या मते चिपीसाठी ही कंपनी उद्घाटनापेक्षा महत्त्वाची घटना आहे, कारण छोटा मार्ग हेच जिचं पोट आहे ती कंपनी तो लवकर सोडत नाही. तरीही कुठली फेरी आज चालू आहे, आठवड्यातून किती दिवस, हे कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. माझ्या लेखावर विसंबू नका.

आता वही उघडा: ७० सीटचं गणित

समजा रोज एक विमान येतं. ७० सीट. सगळ्या रोज भरत नाहीत, आपण ७० टक्के धरू. ४९ माणसं उतरली. यातली निम्मी आपलीच, गावी आलेली. त्यांना न्यायला भाऊ, पुतण्या, शेजाऱ्याची रिक्षा येते. उरले पंचवीसेक. पर्यटक एकटा क्वचित येतो, तिघांचा गट धरा. म्हणजे दिवसाला आठ गट. आठ भाडी.

हे टक्के मी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या अंदाजाने बदला. पण ७० हा आकडा बदलत नाही.

आता स्टँडवर तीस टॅक्सी उभ्या आहेत असं धरा. दिवसाला आठ भाडी म्हणजे महिन्याला २४०. वाटून घेतली तर एका गाडीला महिन्याला आठ. मालवण किंवा कुडाळच्या एका फेरीत डिझेल जाऊन सातशे रुपये हातात राहतात असं धरलं, तर ५६०० रुपये. आणि आठ लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, याचा हप्ता येतो १७ हजारांच्या आसपास. विमा, टायर, चालक, काहीच धरलेलं नाही.

याचा अर्थ टॅक्सी घेऊ नका असा नाही. याचा अर्थ, फक्त विमानतळाचं भाडं धरून घेऊ नका. शेजारी कोकण रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ ला ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. कणकवली, सिंधुदुर्गनगरी, कुडाळ, सावंतवाडी ही सगळी स्टेशनं. २०२३ च्या जूनमध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली ती आठ डब्यांची, त्यात साधारण ५३० सीट. एका गाडीत साडेसात विमानं बसतात! आणि अशा कितीतरी गाड्या रोज जातात. जो गाडीवाला कुडाळ स्टेशन, चिपी आणि तारकर्लीचे दोन-चार होमस्टे अशा तिन्ही ठिकाणी ओळख ठेवतो, त्याचा हप्ता निघतो. विमान हे त्याचं वरकड उत्पन्न.

मोप्यावरून प्रवासी आणायचे असतील तर एमएच ०७ ची गाडी घेऊन सरळ जाऊन उभं राहू नका. तिथे प्रवासी उचलायचे नियम गोव्याचे आणि त्या विमानतळाचे आहेत, आणि टॅक्सीचा विषय गोव्यात किती तापलेला असतो हे तुम्हाला माहीत आहे. ऑल इंडिया टूरिस्ट परमिट, आगाऊ बुकिंगचा पुरावा, विमानतळाचं पिकअप शुल्क, सगळी चौकशी आधी करा.

बॅगेत काय मावतं?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे भांडवल कमी लागतं आणि डोकं जास्त.

देशातल्या विमानात साध्या तिकिटावर साधारण १५ किलो सामान आणि सोबत ७ किलोची हातातली बॅग चालते. परतीच्या प्रवासात बॅग आधीच दहा-बारा किलोची असते. म्हणजे तुमच्या मालासाठी जागा उरली तीन ते पाच किलो. पाच डझनाची आंब्याची पेटी त्याला कशी विकणार? हापूसचं फळ सरासरी पाव किलोचं धरलं तरी डझनाचे तीन किलो होतात. म्हणून एक डझनाचा, हाताला दांडी असलेला, आत फळ हलणार नाही असा पुठ्ठ्याचा खोका. विमानाने जाणाऱ्याचं पॅकिंग हेच. पेटी विकायची असेल तर ती ट्रान्सपोर्टने किंवा कुरिअरने त्याच्या घरी पोचवायची, आणि पैसे इथेच घ्यायचे. छोट्या विमानाच्या पोटात मालासाठी फारशी जागा नसते, त्यामुळे 'चिपीहून ट्रकच्या ट्रक आंबा उडणार' वगैरे स्वप्नं सध्या बाजूला ठेवा.

कोकणातला माल विकणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: सुकं खोबरं. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते सामानात नेऊ देत नाहीत. तुम्ही प्रेमाने खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी बांधून दिलीत आणि तपासणीत ती काढून ठेवावी लागली, तर ते गिऱ्हाईक तुमच्याकडे परत कशाला येईल? तेल सुटणारं लोणचं हातातल्या बॅगेत अडवलं जाऊ शकतं. आगळाची बाटली फुटली तर पांढऱ्या शर्टांचं काय होतं ते विचारू नका. त्यापेक्षा आमसुलं, काजूगर, मालवणी मसाला, खाजा द्या. हे हलकं असतं, टिकतं, सांडत नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी तर उत्तमच, फक्त मोठ्या फळांच्या टोपल्यांऐवजी छोटे संच करा. पाकिटावर वजन छापा. 'विमानात नेता येईल' अशी एक ओळ छापा, पण कंपनीचे नियम वाचूनच. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआय नोंदणी हवीच.

आत दुकान घ्यायचंय? आधी मालक कोण ते विचारा

सगळे विमानतळ 'सरकारी' असतात असा समज आहे. महाराष्ट्रातच बघा. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. शिर्डीचा उभारला महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने. नाशिकचा ओझर एचएएलचा. चिपी आयआरबीकडे. मालक वेगळा, की दुकान देण्याची पद्धत वेगळी, भाडं वेगळं, आणि ज्या दारावर अर्ज घेऊन जायचं ते दारही वेगळं.

याचा फायदा कसा होतो ते सांगतो. प्राधिकरणाने 'अवसर' नावाची योजना आणली आहे. त्यात महिला बचत गटांना विमानतळावर साधारण पंधरा दिवस आळीपाळीने विक्रीची जागा मिळते. बचत गट कोल्हापूर जिल्ह्यातला असेल तर उजळाईवाडीला चौकशी करा. चिपी खासगी कंपनीकडे असल्याने ही योजना तिथे आपोआप लागू होत नाही. तिथे थेट कंपनीच्या व्यवस्थापनाशीच बोलावं लागेल. कुठेही गेलात तरी आत काम करणाऱ्या माणसाची पोलीस पडताळणी आणि प्रवेश पास लागतो, त्यात वेळ जातो. आणि किमान हमी भाड्याच्या करारावर सही करू नका, जोपर्यंत दिवसाला एक-दोनच विमानं येतात. विमान रद्द झालं म्हणून भाडं रद्द होत नाही.

विमानं रद्द होतातच. पावसात ढग खाली उतरले, दृश्यमानता कमी झाली, की वैमानिक उतरत नाही आणि ते बरोबरच आहे. शिर्डीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झालेला विमानतळ, साईभक्तांची बारमाही गर्दी, तरी २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खराब दृश्यमानतेमुळे तिथली वाहतूक जवळपास महिनाभर थांबली होती. रात्री विमान उतरायलाही बरीच वर्षं लागली. म्हणून विमानतळाच्या सोयी बघताना काचेची इमारत, सरकते जिने हे नंतर बघा. आधी विचारा, नाइट लँडिंग आहे का, ढगाळ हवेत उतरवणारी यंत्रणा आहे का, विमानात इंधन भरण्याची सोय आहे का. तुमच्या दुकानाचे वर्षातले किती दिवस गिऱ्हाईकाविना जाणार, हे त्या यंत्रांवर ठरतं.

राहण्याची सोय आणि जमीन

होमस्टेबद्दल मी आशावादी आहे, कारण त्याचं गिऱ्हाईक विमान, रेल्वे आणि रस्ता, तिन्हीकडून येतं. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करा. महिला उद्योजकांनी पर्यटन संचालनालयाच्या 'आई' धोरणाची माहिती घ्या, त्यात पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे, अटी नीट वाचून.

'विमानतळापासून दहा मिनिटांवर' अशा जाहिरातींचे प्लॉट मात्र हातचं राखून बघा. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर बंधन असतं आणि त्यासाठी प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. समुद्राच्या बाजूला गेलात की सीआरझेड लागतो. दोन्ही कागद विकणाऱ्याकडून मागा. "मिळून जाईल" हे उत्तर आलं की चहा पिऊन उठा.

शेवटचं काम कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवा. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. चिपीचं मुंबई विमान बंद झालं तेही ऑक्टोबरच्या अखेरीसच. त्या दोन तारखांच्या महिनाभर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर पुढच्या तारखेचं तिकीट काढायचा प्रयत्न करा. तिकीट दिसत नसेल, तर नवीन गाडीचं बुकिंग आणि वाढीव मालाची ऑर्डर तिथेच थांबवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळ स्टेशनवर जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून आणा.